पगारी वादक

एक गणित सांगतो. १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत पिंक फ्लॉइडने 'द वॉल'चे ३१ प्रयोग केले. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन आणि जर्मनीतलं डॉर्टमुंड, बस, एवढ्या चारच शहरांत. स्टेजवर रोज पांढऱ्या विटांची प्रचंड भिंत उभी राहायची आणि शेवटी पाडली जायची. एवढा पसारा चार गावांपलीकडे नेणं परवडण्यासारखं नव्हतंच. दौरा तोट्यात गेला आणि तो तोटा मालक असलेल्या तिघांनी, म्हणजे रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर आणि निक मेसन यांनी भरला. चौथा माणूस रोजचे पैसे घेऊन घरी गेला. या दौऱ्यातून कमाई झालेला तो एकटाच.

कारण तो तेव्हा बॅंडमध्ये नव्हताच! ज्या बॅंडचा तो पहिल्या दिवसापासूनचा गडी, त्याच बॅंडमध्ये आता पगारी वादक होता. नाव रिचर्ड राइट. वाद्य: कीबोर्ड.

(घरातली मोठी मंडळी इथे "हे कोण बुवा?" म्हणून विचारणार. पिंक फ्लॉइड हा इंग्लंडमधला रॉक बॅंड. त्यांचा १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम इतका खपला की अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता. एवढी ओळख पुरे.)

राइटचा जन्म १९४३ चा, लंडनजवळच्या हॅच एंडचा. बाराव्या वर्षी पाय मोडून घरात पडला होता, तेव्हा गिटार शिकला. मग पियानो, ट्रंपेट, सगळं बरंचसं आपलं आपणच. पुढे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला गेला आणि तिथे वॉटर्स आणि मेसन भेटले. आर्किटेक्चर सुटलं, दोघे मात्र चिकटले. सुरुवातीला बॅंडचा म्होरक्या सिड बॅरेट. १९६८ मध्ये तो मनाच्या आजारामुळे बाहेर पडला, तेव्हा गाणी लिहायची जबाबदारी उरलेल्यांवर आली. राइटने त्या काळात 'रिमेम्बर अ डे', 'सी-सॉ' अशी गाणी लिहिली आणि गायलीही. गोड, थोडी बिचकत म्हटलेली गाणी. पण शब्द हा आपला प्रांत नव्हे, हे त्याला लवकरच कळलं असावं. त्याचा प्रांत होता स्वरांचा, त्यातही स्वर भरून राहण्याचा.

मैफलीत तंबोरा कसा असतो? चालू आहे तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. थांबला की एकदम खोली रिकामी झाल्यासारखी वाटते. राइटचा ऑर्गन तसा. १९७१ चं 'एकोज' ऐका. साडेतेवीस मिनिटांचं हे गाणं, एल. पी.ची एक अख्खी बाजू, पियानोच्या एकाच स्वराने सुरू होतं. हा पियानो फिरता भोंगा असलेल्या लेस्ली स्पीकरमधून वाजवलाय, त्यामुळे तो स्वर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. तो एक थेंब पडतो आणि मग सगळं गाणं त्याच्याभोवती जमा होतं.

'डार्क साइड'मध्येही तेच. तिथला एक कॉर्ड आपण माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून उचलला, असं तो स्वतःच सांगायचा. 'अस अँड देम'ची चाल तर आधी नाकारलेली. दिग्दर्शक अँटोनियोनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या सिनेमात दंगलीच्या दृश्यामागे वाजवण्यासाठी राइटने एक संथ, उदास पियानो रचला होता. मारहाण चाललेली आणि मागे हा शांत पियानो! अँटोनियोनीला ते पटलं नाही. चाल पडून राहिली आणि तीनएक वर्षांनी तिचं गाणं झालं.

आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'. या गाण्याची एक गंमत आहे, किंवा गंमत नाहीही. चाल राइटची. शब्द नाहीत, फक्त एका बाईचा आलाप. क्लेअर टॉरी नावाची गायिका जानेवारी १९७३ मध्ये स्टुडिओत आली, गाऊन गेली, मानधन ३० पौंड. श्रेय एकट्या राइटचं. तीस-एक वर्षांनी, २००४ मध्ये, टॉरी कोर्टात गेली. तिचं म्हणणं, तो आलाप मी तिथल्या तिथे रचला, मग मी रचनाकार का नाही? २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या नावाशेजारी तिचंही नाव येतं. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून आपण हळहळतो, त्याच्याही नावाखाली दुसऱ्या कुणाचं काम इतकी वर्षं दबलेलं होतं. हिशेब हा असा किचकट असतो.

आता १९७९. बॅंडने गुंतवणुकीत बराच पैसा घालवला होता, कराच्या भीतीने सगळे इंग्लंडबाहेर होते, आणि 'द वॉल' वर्षअखेरीच्या आत बाजारात आणायची घाई होती. राइटचं लग्न मोडत चाललं होतं. स्टुडिओत त्याच्याकडून काही निघत नव्हतं. १९७७ च्या 'ॲनिमल्स'मध्येही त्याच्या नावावर एक गाणं नव्हतं. अशात सुटी अर्धवट टाकून परत ये, असा निरोप गेला आणि त्याने नकार दिला. वॉटर्सने अट घातली की याने बॅंड सोडावा. आणि राइटने ऐकलं! भांडला नाही. अल्बम पुरा केला, दौऱ्यात पगारावर वाजवलं आणि निघून गेला. १९८३ च्या 'द फायनल कट'मध्ये तो नाही.

वॉटर्स दुष्ट होता आणि राइट बिचारा, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण काम होत नव्हतं हेही खरंच. मला टोचतं ते वेगळं. मागच्या पंधरा वर्षांचा हिशेब कुठेच धरला गेला नाही. आपल्याकडेही साथीदारांचं हेच होतं. चार महिने हात चालला नाही की पेटीवाला बदलतात, पण गायकाचा आवाज इतकी वर्षं कशावर टेकून उभा होता, हे कुणी विचारत नाही.

वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला. १९८७ च्या अल्बमसाठी राइट परत आला, तोही पगारावरच. आतल्या फोटोत फक्त गिल्मोर आणि मेसन. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्ये मात्र पाच रचनांवर त्याचं नाव आहे, आणि 'वेअरिंग द इनसाइड आउट' हे गाणं बहुतांशी तोच गायलाय, कित्येक वर्षांनी. त्यातल्याच 'मरून्ड' या गिल्मोरबरोबरच्या रचनेला ग्रॅमी मिळालं. १९९६ मध्ये त्याने बायकोच्या नैराश्यावर 'ब्रोकन चायना' हा स्वतःचा अल्बम केला. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे पुन्हा एकत्र वाजले. १५ सप्टेंबर २००८ ला कॅन्सरने तो गेला, वय ६५.

आठवड्याभराने बीबीसीच्या एका कार्यक्रमात गिल्मोरने स्वतःचं काही न गाता राइटचं 'रिमेम्बर अ डे' म्हटलं. पुढे २०१४ मध्ये 'द एंडलेस रिव्हर' आला, बराचसा १९९३ मध्ये वाजवून ठेवलेल्या तुकड्यांतून बांधलेला. त्यात राइटचा ऑर्गन सगळीकडे आहे. आता त्यावर पगार नव्हता आणि अटही नव्हती.

असो. फार लिहिलं. ज्यांनी यातलं काहीच ऐकलं नाही त्यांनी 'अस अँड देम'पासून सुरुवात करावी. गिटारकडे लक्ष जाईलच. दुसऱ्यांदा ऐकताना मागे काय चाललंय तेवढं बघा.