ड्यूसेनबर्गचे दिवे आणि ऑइलची पट्टी

इंदूरच्या मोटारींचा इतिहास म्हटलं की विषय माणिकबाग महालापाशीच येऊन थांबतो. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या गाड्यांवर आजवर बरंच लिहिलं गेलंय. लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याने बॉडी बांधलेली बेंटली आणि त्याच कारखान्यात सजलेली अमेरिकन ड्यूसेनबर्ग या त्यातल्या गाजलेल्या. रंग, ऐट, लिलावातल्या किमती यांची चर्चा नेहमीच होते. मला मात्र ड्यूसेनबर्गच्या डॅशबोर्डवरच्या दोन छोट्या दिव्यांबद्दल लिहायचंय. आजच्या गाड्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, ती या दिव्यांच्या उजेडात जास्त स्पष्ट दिसते.

ड्यूसेनबर्गचं ‘मॉडेल जे’ १९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्कला लोकांसमोर आलं. महाराजांची गाडी याच घराण्यातली, सुपरचार्जर बसवलेली. या मॉडेलच्या इंजिनाजवळ दातेरी चाकांचा एक डबा असे. इंजिन फिरेल तशी ती चाकं फिरत आणि त्यावरून अंतराचा अंदाज धरला जाई. साधारण ७५ मैल झाले की चासीच्या सांध्यांना आपोआप वंगण मिळे. ७०० मैलांना एक दिवा लागे: इंजिनाचं ऑइल बदला. १४०० मैलांना दुसरा लागे: बॅटरीचं पाणी बघा.

म्हणजे ‘गाडी स्वतःच सांगते’ ही कल्पना काही कालची नाही, नव्वद वर्षांहून जुनी आहे. पण तो दिवा नेमकं काय सांगत होता ते बघा. बॅटरीत पाणी किती आहे हे त्या डब्याला ठाऊकच नव्हतं. त्याला फक्त अंतर मोजता येई. दिव्याचं म्हणणं एवढंच, की बाबा, आता बॉनेट उघड आणि स्वतः बघ. शेवटचा निकाल ड्रायव्हरच्या किंवा मेकॅनिकच्या डोळ्यांचा.

पुढची कित्येक वर्षं हीच रीत चालली, फक्त दिव्याऐवजी सवय होती. अँबेसेडर आणि फिएटच्या काळात ‘पाणी-हवा-ऑइल’ हा एकच शब्द असल्यासारखा बोलला जायचा. इंदूरहून मुंबईकडे निघालं की मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता घाटाने नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. येताना तोच घाट चढायचा, उन्हाळ्यात रेडिएटर उकळायचा. म्हणून निघण्याआधी तपासणी ठरलेली. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. मग पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, परत पूर्ण आत घालून काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल कुठे आहे ते बघायचं.

पण ती पट्टी फक्त पातळी सांगत नसे. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, हेड गॅस्केट बघा. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल खाली उतरतंय. दोन बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर आत काहीतरी झिजतंय. बॅटरीचंही तसंच. प्रत्येक कप्प्याचं झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर बघायचं, शंका आली तर हायड्रोमीटर लावायचा. पूर्ण चार्ज असेल तर घनता १.२६ ते १.२८ च्या आसपास. एक कप्पा इतरांपेक्षा फार खाली दिसला, की बॅटरी बदलायची वेळ आली.

आता? अनेक छोट्या गाड्यांत इंजिनाची पट्टी सुदैवाने अजून आहे. पण बॅटरी सीलबंद झाली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पट्टी बहुतेक ठिकाणी गेली आणि काही महागड्या गाड्यांत इंजिनाचीही गेली. बीएमडब्ल्यूने २००५ च्या सुमारास बऱ्याच इंजिनांमधून ती काढून तिथे सेन्सर दिला. पातळी बघायची तर पडद्यावर. तो सेन्सर पातळी सांगतो, पण ऑइलचा वास आणि रंग कोण सांगणार?

आमच्या नात्यातल्या एका गाडीत असाच प्रकार झाला. ‘ऑइल कमी’ असा इशारा आला, आणि बघायला पट्टीच नाही! गाडी टो करून नेली, स्कॅनर लावला, दोन दिवस गेले. निघालं काय, तर ऑइल ठीक होतं, सेन्सर बिघडला होता. जे काम एका फडक्याने दोन मिनिटांत झालं असतं, त्याचं बिल काही हजारांत आलं. चीड पैशांची नाही हो. आपल्याच गाडीत डोकावायची सोय आपल्याकडून काढून घेतली, याची आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर अचानक पडलं तर पट्टी काही कामाची नाही, तिथे दिवाच इंजिन वाचवतो. धुराचे नियमही सेन्सरशिवाय पाळता येणार नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्यातली बारीक मोजमापं नाकाने किंवा कानाने होणारी नाहीत. आपल्या शेजारच्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे गाड्यांची परीक्षा उपकरणांनीच व्हायची, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून माझा वाद सेन्सरशी नाही. सेन्सर आला म्हणून पट्टी का जावी, हा आहे. दोन्ही एका गाडीत सुखाने राहू शकतात. आणि पट्टी गेली की तिच्याबरोबर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बाहेर पडतो, कारण स्कॅनर आणि त्याचं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात असतं. ही काही म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हेच प्रकरण होतं. पुढे अपिलं झाली, पण प्रश्न खरा होता हे तेव्हाच नोंदलं गेलं.

महाराजांच्या गाड्या जगभरच्या संग्रहांत जपल्या जातील, त्यांची काळजी आपण करायला नको. पण बोटावर ऑइल चोळून इंजिनाची तब्येत सांगणाऱ्या मेकॅनिकचं ज्ञान कुठल्या संग्रहात जाणार? ते कधी लिहिलंच गेलं नाही. उस्तादाने शागिर्दाला दाखवलं, एवढीच त्याची नोंद. इंदूरच्या जुन्या गॅरेजांतली ही माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या मंडळाने वाडे, छत्र्या, नाणी यांच्या जोडीला त्यांच्याकडेही एकदा जावं. त्यांचे शब्द, त्यांच्या खुणा, कोणता आवाज आला की काय समजायचं, हे रेकॉर्ड करावं. कुणाच्या घरी अँबेसेडर-फिएटचं जुनं माहितीपुस्तक किंवा सर्व्हिसच्या नोंदींची वही असेल, तर रद्दीत देण्याआधी मंडळाला जरूर कळवा.