किनखाब, हिमरू आणि वस्त्राचे मोल

महाग वस्त्र त्याच्या किमतीइतके मोलाचे असते काय, हा प्रश्न आजच्या मोठ्या दुकानांतून हिंडणाऱ्या गिऱ्हाइकालाच पडतो असे नाही. आपल्या या नगराला तो फार पूर्वी पडला, आणि नगराने त्याचे उत्तर मागावर विणून दिले. ते उत्तर म्हणजे हिमरू.

आजचा मासला आधी पाहू. एखाद्या नामांकित वेशकाराचा पोहण्याचा पोशाख हजारो रुपयांना विकला जातो. कापड म्हणाल तर हातरुमालाच्या घरातले! 1946 साली पॅरिसमध्ये लुई रेआर याने बिकिनी लोकांपुढे आणली, तेव्हापासून हा पोशाख किती थोड्या कापडात होतो हे जगाने पाहिलेच आहे. धागा बहुधा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, आणि त्यात ताणला जाणारा स्पॅन्डेक्स मिसळलेला. हा स्पॅन्डेक्स 1958 साली अमेरिकेत निघाला. तलावाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला हळूहळू सैल करते, आणि क्लोरीन काही पोशाखावरची चिठ्ठी वाचत नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे? काही बेताचे, शिवणीचे, अस्तराचे. आणि बरेचसे नावाचे.

ही कुरकुर नवी नव्हे. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवले की, हिंदुस्थान दरसाल साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. झिरझिरीत रेशीम नेसणाऱ्या रोमन स्त्रियांवरही त्याचा रोष होता. त्याच काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आपल्याकडून भडोच बंदरास गाड्यांनी जाणाऱ्या मालाची नोंद आहे. त्यात पैठणच्या नावावर अकीकासारखे दगड आहेत. कापड आहे ते तगरच्या, म्हणजे आपल्या तेरच्या नावावर. पैठणीचा अभिमान सांगताना ‘पेरिप्लस’चा दाखला देणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावे.

आता आपल्या गावाकडे येऊ. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली. 1653 साली औरंगजेब पुन्हा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि तिचे औरंगाबाद झाले. 2023 साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. मोगल आणि पुढे निजामी अमदानीत येथे सरदार, मनसबदार, त्यांचे कारभारी आणि सावकार यांची दाटी होती. दरबारी वस्त्र म्हणजे किनखाब: रेशमाचे पोत आणि त्यावर सोन्याचांदीच्या जरीची वेलबुट्टी. ते सरदाराला परवडे. पण दरबारात उभे राहावे लागणाऱ्या बाकीच्यांनी काय करावे?

विणकराने येथे अक्कल चालवली. ताणा सुताचा घेतला, जमिनीचे विणकाम सुताचे ठेवले आणि नक्षीपुरते तेवढे रेशीम आडवे घातले. जर वगळली. वेल तीच, बुट्टा तोच. ‘सारखे’ अशा अर्थाच्या एका फारसी शब्दाशी हिमरू हे नाव जोडले जाते, आणि ते आम्हांला शोभून दिसते. कारण हे कापड आपण किनखाबासारखे आहोत एवढेच म्हणते, किनखाब आहोत असे म्हणत नाही. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलवली तेव्हा ही कला त्याच्या लोकांबरोबर आली, अशी परंपरा सांगतात.

मश्रूची गोष्ट हिमरूला जवळची आहे. मुसलमान पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असा धार्मिक संकेत. म्हणून ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. वरून रेशमाची झळाळी, आतून अंगाला सूत. मश्रू म्हणजे धर्माला मान्य असलेले. तिथे अडचण धर्माची होती, हिमरूला पैशाची. दोन्ही सोडवल्या त्या सुताने.

हिमरू उलटून पाहावे. पाठीमागे रेशमाचे मोकळे तरंगते धागे दिसतात. एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत रेशीम तसेच सोडलेले असते. शालीला त्यामुळे ऊब येते, आणि रेशीम किती खर्ची पडले हेही कळते. पैठणीचे तंत्र निराळे. तिच्या काठापदरात विणकर लहान लहान तिल्ल्यांवरचे रंगीत धागे बोटांनी एकमेकांत गुंतवतो. म्हणून मोर आणि आसावली दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. साध्या पदराला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला कित्येक महिने. यंत्रमागावरची नक्कल उलटली की तिची पाठ सारे सांगून टाकते.

आमचे मत असे की, किमतीत द्रव्य आणि वेळ किती ते आधी पाहावे. उरेल ते नावाचे. जुन्या पैठणीत द्रव्यही खरे असे. चांदीच्या तारेवर सोन्याचे पाणी चढवलेली जर जाळून धातू परत मिळत असे, म्हणून पडत्या काळात घरोघरच्या पैठण्या मोडीत गेल्या. पदर जळला, चांदी तेवढी उरली. आणि विणकराचे महिने कोणत्याच तराजूत आले नाहीत. त्या गृहिणींना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. घरात धान्य नसताना मोराचे कौतुक कोण करणार!

पैठणीचे एका अर्थी बरे झाले. येवल्याने ती जगवली, लग्नकार्यात तिचे स्थान टिकले, आणि 2010 साली तिच्या नावाला भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. हिमरूला लग्नाचा असा आधार नव्हता. 1948 साली निजामी राजवट संपली आणि शेरवान्या शिवून घेणारे गिऱ्हाईक ओसरले. आता हिमरूचे हातमाग थोडेच उरले आहेत, आणि त्याच नावाची यंत्रावरची शाल शेजारी निम्म्याहून कमी किमतीला टांगलेली असते. वेरूळ-अजिंठा पाहून परतणारा प्रवासी दोन्ही हातात घेतो, स्वस्त ती उचलतो आणि आपण हिमरू घेतले असे समजून गाडीत बसतो. मागावर बसलेल्या माणसाच्या मुलाने पुढे तेथे बसावे की रिक्षा चालवावी, हे त्या दुकानात ठरते. आणि तेथे गिऱ्हाईक म्हणून आपणही अधूनमधून उभे असतो.