हिरवे की लाल? ग्राफिक्स कार्डावरून भांडणाऱ्या सगळ्या भाच्यांसाठी थोडा इतिहास

परवा भाचा घरी आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर शिकवण्या घेऊन आणि आजीने दिलेले पैसे न मोडता त्याने पस्तीस हजार जमवलेत. आल्या आल्या प्रश्न : "मामा, एनव्हिडिया घेऊ की एएमडी?" मी म्हटलं, तुझं काय मत? तर म्हणाला, "मी हिरवाच. पण यावरून जिगरी मित्राशी भांडण झालंय. तो लाल. आठवडाभर बोललेलो नाही."

हसू आलं, पण गंमत वाटेना. पक्षाच्या झेंड्यावरून गावात भाऊ भाऊ बोलत नाहीत, ते समजू शकतो. पण अमेरिकेतल्या दोन कंपन्यांच्या खोक्याच्या रंगावरून? मग त्याला बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आज दुकानात गेलं की तीनच नावं असतात. एनव्हिडिया, एएमडी आणि नव्याने आलेली इंटेल. नव्वदच्या दशकात डझनावारी होती. एस थ्री, मॅट्रॉक्स, ट्रायडेंट, रेंडिशन, कॅनडातली एटीआय. आणि या सगळ्यांवर राज्य करायला १९९६ मध्ये आली थ्रीडीएफएक्स, आपलं 'व्हूडू' कार्ड घेऊन. हे कार्ड फक्त थ्रीडीचं काम करायचं. साध्या चित्रासाठी दुसरं कार्ड लागायचंच, आणि दोन्ही बाहेरून वायरने जोडायची. तरीही लोक वेडे झाले, कारण असा खेळ घरच्या कॉम्प्युटरवर कुणी पाहिलाच नव्हता.

त्या वेळी एनव्हिडिया कुठे होती? बुडायच्या बेतात. १९९३ मध्ये जेन्सन हुआंग आणि दोन मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी. १९९५ चं त्यांचं पहिलं कार्ड वक्र पृष्ठभागांवर चित्र रचायचं. मायक्रोसॉफ्टने डायरेक्ट थ्रीडीत त्रिकोण निवडले. झालं, कार्ड पडलं. सेगा या जपानी कंपनीचं एक काम हातात होतं, पण तेही याच चुकलेल्या वाटेवर. हुआंग यांनी सेगाला सरळ सांगितलं, की आमचा रस्ता चुकलाय, हे काम पूर्ण करणं आम्हाला जमणार नाही, पण पैसे मिळाले नाहीत तर आम्ही संपू. सेगाने पन्नास लाख डॉलर दिले. त्यावर कंपनी तगली आणि १९९७ मध्ये 'रिव्हा १२८' आणून उभी राहिली.

थ्रीडीएफएक्स मात्र वर असतानाच घसरली. तिची 'ग्लाइड' नावाची स्वतःची भाषा होती. गेम ग्लाइडमध्ये लिहिलेला असला की तो तिच्याच कार्डावर उत्तम चालायचा, म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं. पण हळूहळू सगळ्यांच्या कार्डांवर चालणारी डायरेक्ट थ्रीडी पुढे गेली आणि ते कुंपण मोडलं. त्यात डिसेंबर १९९८ मध्ये तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. तोपर्यंत थ्रीडीएफएक्स चिप विकायची आणि डायमंड, क्रिएटिव्ह वगैरे मंडळी कार्डं बनवायची. आता पुरवठादारच शेजारी दुकान टाकून बसला म्हटल्यावर ही मंडळी एनव्हिडियाकडे वळली. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घ्यायचं ठरवलं. चार वर्षांत राजा संपला. ज्यांनी महागडी व्हूडू घेतली होती त्यांना नवे ड्रायव्हर मिळेनात. हौशी लोकांनी स्वतः ड्रायव्हर लिहून ती कार्डं काही वर्षं जिवंत ठेवली.

मग सामना उरला एनव्हिडिया आणि एटीआयचा. २००२ मध्ये एटीआयच्या 'रेडिऑन ९७०० प्रो'ने एनव्हिडियाला चितपट केलं. उत्तर म्हणून आलेल्या 'जीफोर्स एफएक्स ५८००'चा पंखा इतका ओरडायचा की कंपनीने स्वतःच त्यावर विनोदी व्हिडिओ काढला. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली. आज ज्याला 'लाल' म्हणतात ते घराणं मूळचं हे.

आता भाच्याला मी विचारलं, यातलं संत कोण? कुणीच नाही. २००१ मध्ये 'क्वेक ३' या गेमच्या फाईलचं नाव बदलून 'क्वॅक' केलं, तर रेडिऑनचा वेग कमी झाला आणि चित्र सुधारलं! म्हणजे ड्रायव्हर नाव बघून चित्राचा दर्जा घटवून वेग दाखवत होता. दोन वर्षांनी एनव्हिडिया सापडली. 'थ्रीडीमार्क' या चाचणीत कॅमेरा ठरलेल्या वाटेने जातो, म्हणून न दिसणारा भाग काढायचाच नाही, अशी सोय ड्रायव्हरमध्ये होती. पेपर आधी फुटल्यासारखंच.

मीही त्याच सुमारास फसलो. लॅमिंग्टन रोडवरून पहिल्या पगारात कार्ड आणलं. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. आमच्या सायबर कॅफेतलं टोळकं त्या रंगाचं, म्हणून मीही त्या रंगाचा. खोक्यावर मेमरीचा आकडा भलामोठा, वेग मात्र बैलगाडीचा. त्याच पैशात समोरच्याचं दीडपट चांगलं कार्ड त्याच दुकानात होतं. मी किंमतसुद्धा विचारली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं वर्ष, २००८. जूनमध्ये एनव्हिडियाने 'जीटीएक्स २८०' आणलं, ६४९ डॉलरला. आठवड्याभरात एएमडीचं 'रेडिऑन एचडी ४८७०' आलं, २९९ डॉलरला. ते जीटीएक्स २८०पेक्षा वेगवान नव्हतं, पण निम्म्याहून कमी किमतीत फार मागेही नव्हतं. काही आठवड्यांत जीटीएक्स २८० ४९९ डॉलरवर आलं. दीडशे डॉलर उतरले! फायदा कुणाचा झाला? ज्यांनी आयुष्यात लाल कार्ड घेतलं नाही, त्या हिरव्या भक्तांचाही. समोरचा जिवंत होता म्हणून.

समोरचा दमला की काय होतं, तेही पाहिलंय. २०१५ मध्ये कळलं, की 'जीटीएक्स ९७०'च्या चार जीबीतला शेवटचा अर्धा जीबी बराच मंद आहे. अमेरिकेत दावा झाला, तिथल्या ग्राहकांना तीस तीस डॉलर मिळाले. २०२२ मध्ये एनव्हिडियाने 'आरटीएक्स ४०८०' नावाने दोन वेगळीच कार्डं जाहीर केली. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की त्यातलं ८९९ डॉलरचं छोटं कार्ड मागे घेतलं. तेच पुढे '४०७० टीआय' नावाने ७९९ ला आलं. शंभर डॉलर नुसत्या ओरडण्याने वाचले. हे भक्तांनी केलेलं नाही, चिडलेल्या गिऱ्हाइकांनी केलं.

भाचा म्हणाला, "पण मामा, कॉलेजच्या एआय प्रोजेक्टला कुडा लागतं." खरंय. कुडा ही एनव्हिडियाची २००६-०७ पासूनची स्वतःची प्रणाली, आणि त्या क्षेत्रातलं खूप सॉफ्टवेअर तिच्यावरच उभं आहे. तुला गरज असेल तर हिरवं घे, त्यात लाज नाही. फक्त हे लक्षात ठेव, की ते नवं ग्लाइड आहे. कुंपण मखमली असलं तरी कुंपणच.

आणि गंमत ऐक. हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू दोघंही तैवानमध्ये जन्मलेले, लांबचे नातेवाईकसुद्धा. दोघांच्या आताच्या गेमिंग चिपा बनतात तैवानच्याच टीएसएमसी कंपनीत. इंटेलच्या आर्कचाही मुख्य भाग तिथलाच. तुम्ही दोघं मित्र मात्र इथे अबोला धरून बसलाय.

म्हणून सांगतो. तू खेळतोस ते पाच गेम कागदावर लिही. तुझा मॉनिटर किती रिझोल्यूशनचा आहे ते लिही. त्याच गेमच्या, त्याच रिझोल्यूशनच्या दोन-तीन स्वतंत्र चाचण्या बघ. मेमरी किती, तुझा पॉवर सप्लाय पुरेल का, सर्व्हिस सेंटर तुझ्या शहरात आहे का, हे बघ. मग तिन्ही कंपन्यांचे भाव विचार. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून हेच कर.

भाच्याने अजून कार्ड घेतलेलं नाही. पण काल त्याचा फोन आला. कागद घेऊन तो त्या मित्राकडेच गेला होता.

तुमचं पहिलं कार्ड कुठलं होतं? आणि खरं सांगा, चाचणी बघून घेतलंत की रंग बघून?