पूर ओसरल्यावर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं, कुणाचं काय वाहून गेलं, हे जुने पुणेकर अजून सांगतात. नदीतल्या माशांचं काय झालं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. शहरातल्या नदीत माशांना पुन्हा जागा करून देण्याचा आपला अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

पूर हा माशांचा वैरी नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. पावसाळ्यातला लोंढा तळावर साचलेला गाळ धुऊन नेतो, गोटे मोकळे करतो. कित्येक जाती त्याच पाण्याची वाट पाहून अंडी घालायला वर चढतात. धरणफुटीची गोष्ट वेगळी. ती काठ खरवडून नेते, डोह बुजवते. तरीही माझ्या मते शहरातल्या नदीचं मोठं नुकसान होतं ते पूर ओसरल्यावर. धास्तावलेलं शहर राडारोड्याबरोबर गोटेही उचलतं, वळणं सरळ करतं, काठाला सिमेंटची भिंत घालतं.

मळ्याचंच बघा. हा लहानसा मासा खालच्या ओठामागच्या चकतीने खळाळत्या पाण्यात दगड धरून राहतो आणि त्यावरचं शेवाळ खातो. दगडावर गाळाचा थर बसला की त्याचं अन्न जातं आणि आधारही. त्याला खडबडीत गोटा परत मिळवून देणं, काठावर करंज-वाळुंज रुजवणं, बंधाऱ्यातून वर जायला वाट ठेवणं, हे आपलं काम. पण त्याआधी मैलापाणी थांबलं पाहिजे. नाहीतर सगळी मेहनत घाण पाण्यातही तगणाऱ्या चिलापी माशाच्या पथ्यावर पडते.

विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा शास्त्रीय नावांत इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द घेतले: खुद्री, कोळस, मळ्या, शिंगटी. त्यातली खुद्री, म्हणजे आपला महसीर, त्यांना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाली होती. ज्या लोकांच्या तोंडी ही नावं होती, त्यांना मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात सापडतो हेही ठाऊक होतं. म्हणून नकाशा उघडण्याआधी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या भोयापाशी जाऊन बसा, आणि पुरापूर्वी डोह कुठे होता ते विचारा.