तळटीप : ताणाच्या संप्रेरकाचे मेंदूतील ठिकाण

लेखकाने येथे संप्रेरकांचे रिसेप्टर जणू फक्त हायपोथॅलॅमसमध्येच असतात असे गृहीत धरले आहे. इस्ट्रोजेनपुरते ते बरेचसे खरे; त्याचे रिसेप्टर तिथे दाट आहेत. पण १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन व सहकाऱ्यांनी अ‍ॅड्रेनल ग्रंथी काढलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचले, तेव्हा ते सर्वाधिक टिकून राहिले हिप्पोकॅम्पसमध्ये. ताणाचे संप्रेरक थेट स्मृतीशी निगडित भागात जाऊन बसते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. पुढे तिथे दोन प्रकारचे रिसेप्टर आढळले. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर या संप्रेरकाला सुमारे दसपट घट्ट धरतो, त्यामुळे प्राणी शांत असतानाही तो बराचसा व्यापलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर मेंदूत सर्वदूर पसरलेला आहे. रक्तातील पातळी चढली की तो मोठ्या प्रमाणावर कामाला लागतो. दोन्ही मुख्यतः पेशीच्या आत असतात. संप्रेरक चिकटले की ते केंद्रकात डीएनएला जोडले जातात आणि कोणती जनुके किती चालावीत हे बदलतात. म्हणूनच ताणाचे काही परिणाम तासांनंतर दिसू लागतात.