बोटभर रुंदीचा लोहमार्ग

आगगाडीने मराठीतील कित्येक जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले. त्यांपैकी ‘सांधा’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दोन मार्ग जेथे एकमेकांपासून फुटतात किंवा एकमेकांना येऊन मिळतात, ती जागा म्हणजे सांधा. तेथे लोखंडाची निमुळती पाती चार बोटे सरकली, की सगळ्या गाडीची दिशा पालटते. मोठ्या रेल्वेच्या सांध्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आज मी श्रोत्यांना मेजावर मावणाऱ्या छोट्या आगगाडीचा इतिहास सांगणार आहे. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु एका कारखान्याचा डबा दुसऱ्या कारखान्याच्या रुळावर चालावा की नाही, या प्रश्नाने थोरामोठ्यांनाही पाऊणशे वर्षे झुलवले आहे.

या कथेचा आरंभ भातुकलीपासून होतो. जर्मनीतील ग्योपिंगेन गावी १८५९ साली मार्कलिन नावाचा एक कारखाना निघाला. बाहुलीच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी तो तयार करी. भातुकलीचा एक गुण असा, की ती एकदा घेऊन संपत नाही. आज चूल आली, तर उद्या पातेले हवे असते. हीच युक्ती मार्कलिन बंधूंनी आगगाडीला लावली. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी किल्लीवर चालणारी गाडी मांडली. तिच्याबरोबर सुटे रूळ होते आणि त्यांचा मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा जोडता येत होता. सरळ रूळ, वाकडे रूळ, सांधे, डबे असे एकेक वाढवत न्यावे, अशी ती योजना होती. त्यासाठी त्यांनी रुळांतील अंतराची ठराविक मापे नेमली आणि त्यांना १, २, ३ असे क्रमांक दिले. पुढे त्यांहूनही लहान माप निघाले, तेव्हा एकाच्या खाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हते; म्हणून त्याला शून्य हे नाव मिळाले.

मापे ठरली, पण माप घ्यावयाचे कोठून, हा प्रश्न राहिलाच. मार्कलिन एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्या रुळाच्या मध्यापर्यंत मोजत. इतर कित्येकांच्या मते रुळांच्या आतील कडांमधले अंतर हेच खरे माप होते. या फरकातून अमेरिकेत एक नवलच घडले. न्यूयॉर्कच्या लायोनेल कारखान्याने १९०६ साली सव्वादोन इंचांहून किंचित कमी, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीचा मार्ग काढला. मार्कलिनचे दुसऱ्या क्रमांकाचे माप मध्यापासून मध्यापर्यंत नेमके ५४ मिलिमीटरच होते. लायोनेलने तो आकडा आतील अंतर समजून घेतला, असे सांगितले जाते. काहींच्या मते ग्राहक आपल्याच दाराशी बांधून ठेवण्यासाठी ते हेतुपुरस्सर केले. कारण काही असो, परदेशी गाड्या त्या रुळांवर चालेनात. आणि गंमत अशी, की जगात कोणाशीही न जुळणाऱ्या या मापाला लायोनेलने ‘प्रमाण माप’ हे नाव देऊन ते नाव आपल्यापुरते राखूनही ठेवले.

पहिल्या महायुद्धानंतर घरे लहान झाली, तशा गाड्याही लहान झाल्या. १९२२ साली न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्याने इंग्लंडमधील बॅसेट-लोक यांच्यासाठी मेजावरची रेल्वे तयार केली. तिच्या रुळांतील अंतर होते साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर. पुढे दहा-बारा वर्षांतच बिंगचा कारखाना बुडाला. बिंग कुटुंब ज्यू होते. स्टेफान बिंग यांनी ट्रिक्स या नावाने नवी गाडी बाजारात आणली खरी, पण नाझी राजवटीत त्यांना मायदेश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. कारखाना गेला, देश सुटला. माप मात्र टिकले. आज जगातील बहुसंख्य हौशी लोकांच्या गाड्या याच साडेसोळा मिलिमीटरांवर धावतात.

परंतु रुंदी एक झाली म्हणजे सर्व जुळले, असे नाही. युरोप-अमेरिकेत या मार्गावर मूळ गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्शाचे डबे बसवले गेले, आणि ते प्रमाण रुळांशी बरोबर जुळते. इंग्लंडची इंजिने मुळातच अंगाने लहान. त्या प्रमाणात केलेल्या इंजिनात तेव्हाची विजेची मोटर मावेना. म्हणून इंग्रजांनी इंजिन व डबे शहात्तराव्या हिश्शाचे केले आणि रूळ मात्र तेच ठेवले. हिशोबाने त्यांना १८.८३ मिलिमीटरांचा मार्ग हवा होता. ही तडजोड शंभर वर्षे होत आली तरी चालूच आहे.

विजेचा प्रश्न याहून बिकट होता. प्रारंभी रुळांच्या मधोमध तिसरा रूळ घालून त्यातून वीज नेत व ती बाहेरील दोन्ही रुळांतून परत आणीत. १९३८ साली निघालेली हॉर्नबी-डब्लो ही प्रसिद्ध इंग्रजी गाडी अशीच होती. पुढे एक रूळ वीज नेणारा व दुसरा परत आणणारा, अशी दोन रुळांची पद्धत आली. ती दिसायला खऱ्या मार्गासारखी. पण तिच्यात चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवावी लागतात. तीन रुळांवरची जुनी गाडी त्यावर ठेवली, तर तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडून टाकतात आणि वीज भलत्याच वाटेने जाते. १९६४ साली हॉर्नबीचा कारखाना प्रतिस्पर्धी ट्राय-अँगच्या मालकांकडे गेला. तेव्हा दोन्ही घरच्या गाड्या एकत्र नांदाव्यात म्हणून एका टोकाला एका पद्धतीचा व दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पद्धतीचा आकडा असलेले डबे काढावे लागले.

या सर्व विसंगती खऱ्या अर्थाने कसाला लागतात त्या सांध्यावर. सरळ रुळावर चाकांची जोडी थोडी अरुंद असली, तरी गाडी मुकाट्याने चालते. सांध्यावर मात्र दोन रूळ एकमेकांना छेदतात. तेथे चाकाच्या कडेला जाण्यासाठी खाच ठेवलेली असते आणि चाक चुकीच्या बाजूला वळू नये म्हणून समोर रक्षक रूळ असतो. चाकांच्या पाठींमधील अंतर, कडेची जाडी व खाचेची रुंदी या तिन्हींचे गणित जुळले नाही, तर डबा तेथेच उसळी घेतो. सरळ वाटेवर जो दोष खपून जातो, तो सांध्यावर उघडा पडतो.

हे गणित अखेर कारखानदारांनी नव्हे, तर ग्राहकांनी सोडवले. १९३५ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे हौशी मंडळींनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिने चाके, रूळ व सांधे यांची प्रमाणे छापली आणि ती तपासण्यासाठी धातूची एक पट्टी तयार केली. पट्टीच्या खाचेत चाक बसले, तर माल खरा. युरोपातही १९५४ साली अशीच संघटना निघाली. कायद्याचा आधार नसताना केवळ एकमताच्या बळावर कारखान्यांना शिस्त लागली.

आपल्या देशाला हा इतिहास परका वाटू नये. रुंद, मीटर व अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एके काळी मिरज स्थानकात पाहावयास मिळत. मापे बदलत तेथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. सर्व देशात एकच माप आणण्याची योजना रेल्वेने १९९२ साली हाती घेतली. आपल्या रुंद मार्गाचे १६७६ मिलिमीटर सत्याऐंशीव्या हिश्शाने सुमारे सव्वाएकोणीस भरतात. म्हणून भारतीय गाडीची प्रतिकृती साडेसोळाच्या रुळांवर ठेवणाऱ्यास इंग्रजांसारखीच तडजोड करावी लागते. पुण्यात १९९८ साली उघडलेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात ही बोटभर रुंदीची सृष्टी चालताना पाहता येते.

ज्यांना असा मार्ग घरी मांडावयाचा असेल, त्यांना या इतिहासातून चार प्रश्न मिळतात. रुळांतील अंतर कोणते? वीज दोन रुळांची की तीन? रुळाची उंची सर्वत्र सारखी आहे काय? आणि आपली चाके त्या सांध्यातून न अडखळता जातात काय? पहिल्या तिन्हींची उत्तरे पेटीवर छापलेली सापडतील. चौथ्यासाठी मात्र एक सांधा आणून त्यावरून आपला सर्वांत अवघड डबा हाताने ढकलून पाहावा, आणि मगच उरलेले सांधे विकत घ्यावेत. जोडण्याची वेळ येते तेव्हाच मापांची परीक्षा होते. ती आधी घेतलेली बरी.