इंजिनांतील फेरबदल आणि शहराचा हिशेब

अँटॉप हिलच्या बाजूस, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ, मुंबईच्या पूर्व विभागाचें परिवहन कार्यालय आहे. मोटारीचें इंधन बदललें तर त्याची नोंद अशा कार्यालयांत करावी लागते. खासगी मालकाच्या इंजिनांत सरकारनें कां लक्ष घालावें, असा प्रश्न कित्येकांस पडतो. त्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

१९४१ सालीं युद्धामुळें पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि देशांत ठिकठिकाणीं मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या दिसूं लागल्या. अपुऱ्या हवेंत लोणारी कोळसा जाळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो गाळून व निववून इंजिनास द्यावयाचा. परंतु या वायूंत सुमारें निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजनचा, म्हणून गाडीची ताकद तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनहि अधिक घटे. सिलिंडरचें हेड घासून दाब वाढविणें, आणि वायु सावकाश जळतो म्हणून ठिणगी थोडी आधीं पाडणें, हे त्यावरचे उपाय. टंचाईनें कारागिरास हें शास्त्र शिकविलें.

पुढें कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, मुंबईची टॅक्सी झाली. तिचें पेट्रोल इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचें. पेट्रोल महागलें तेव्हां अनेक टॅक्सीवाल्यांनीं तें उतरवून डिझेलचें इंजिन चढविलें. डिझेल स्वस्त, आणि अधिक दाबामुळें तें पुरतेंहि जास्त. दिवसाच्या मिळकतींतून चार पैसे घरीं नेणाऱ्यास हा मोह कसा आवरावा? मात्र पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविलें कीं ताकदीबरोबर काजळीहि वाढते. नफा टॅक्सीवाल्याच्या खिशांत आणि काजळी रस्त्यावरच्या माणसाच्या छातींत, अशी ही वांटणी होती.

अखेर २००१ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें जुन्या टॅक्सींस नैसर्गिक वायूसारखें स्वच्छ इंधन सक्तीचें केलें. हा वायुहि सावकाश जळतो आणि हवेची जागा अडवून ताकद कांहींशी कमी करतो. म्हणून साठ वर्षांपूर्वींचीच ठिणगी आधीं पाडण्याची युक्ति पुन्हां कामास आली. या खेपेस मात्र मान्यताप्राप्त संच आणि नोंद यांची अट होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटींत मनमानी फेरबदल करूं देत नाहीं. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली; तिच्या निमित्तानें घातलेला धडा राहिला.

हातच्या विद्येस आम्ही कमी लेखीत नाहीं. तिच्यावांचून या शहराचीं चाकें अनेकदां थांबलीं असतीं. परंतु इंजिनास फुकट कांहींच मिळत नाहीं. बदलाची किंमत मालक सोसतो तोंवर तो त्याचा खासगी व्यवहार. शेजारी सोसूं लागला कीं त्याची नोंद सार्वजनिक वहींत झालीच पाहिजे.